डोळ्याच्या बाहुलीचं माप छापलेला पेनटॉर्च : न्यूरो आयसीयूतल्या १४ महिन्यांनंतर

सोलापुरातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून हा टॉर्च मी ४२० रुपयांना घेतला, त्याला आता १४ महिने झाले. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, दोन बारीक ट्रिपल-ए सेल, किंचित पिवळसर उजेडाचा एलईडी, शेपटाला बटण, खिशाला लावायची क्लिप. अंगावर काळ्या ठिपक्यांची रांग छापलेली, २ मिलिमीटरपासून ८ पर्यंत, बाहुलीशी ताडून बघायला. कंपनीचं नाव देत नाही. याच साच्यातले वेगवेगळ्या नावांचे टॉर्च बाजारात आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू पडतं.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, करून २२ वर्षं झाली, त्यातली १५ डोक्याच्या पेशंटमध्ये गेली. आमचा आयसीयू आठ बेडचा. हैदराबाद रोडवरचे मोटारसायकलचे अपघात, लकव्याचे पेशंट, बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झालेले, आणि फवारणीच्या दिवसांत विषबाधेचेही. डोक्याला मार लागलेला पेशंट शुद्धीत असला तरी पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास तासातासाने आणि मग दोन-दोन तासांनी बघायचा, असं आमच्याकडे चालतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शनातही हेच अंतर दिलंय. म्हणजे एका नाइटला हा टॉर्च तीस-चाळीस वेळा तरी खिशातून निघतो. तेवढ्या वापरानंतर हे लिहितेय.

आधी उजेडाबद्दल. याच्या आधी माझ्याकडे औषध कंपन्यांच्या एमआर लोकांनी दिलेले किचेनचे टॉर्च होते, नंतर एक ६० रुपयांचा प्लास्टिकचा. त्यांचा उजेड निळसर आणि विस्कटलेला, मधोमध एक काळा डाग. तो डाग बाहुलीवर पडला की बाहुली आवळली की नाही हे कळतच नाही. या टॉर्चचा झोत लहान आणि एकसारखा आहे, एकाच डोळ्यावर पडतो. ही साधी गोष्ट वाटेल, पण उजव्या डोळ्यावर उजेड टाकल्यावर डावीही बाहुली आवळते का, हेही आपल्याला बघायचं असतं. झोत दोन्ही डोळ्यांवर सांडला की ती तपासणीच राहत नाही. मोबाइलच्या टॉर्चची हीच अडचण. अख्खा चेहरा उजळतो, पेशंट डोळे घट्ट मिटून घेतो, आणि दहा ठिकाणी ठेवलेला तो मोबाइल आपण व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या तोंडाशी नेतो. नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, मोबाइल लॉकरमध्ये. लॅरिंगोस्कोपचा दिवा वापरणारेही पाहिलेत. तो घशातून श्वासाची ट्यूब टाकायला लागतो, ऐन वेळी त्याची बॅटरी संपलेली असायला नको.

आपल्याकडच्या डोळ्यांत आणखी एक गोष्ट आहे. बुबुळ गडद तपकिरी, जवळजवळ काळं. बाहुलीची कड समोरून दिसतच नाही. पुस्तकातल्या फोटोत निळे डोळे असतात, तिथे तीन आणि चार मिलिमीटरमधला फरक लांबूनही दिसेल. आपल्या पेशंटमध्ये टॉर्च कानशिलाच्या बाजूने हळूच आत आणावा लागतो, म्हणजे तिरप्या उजेडात बुबुळाचा पोत दिसतो आणि बाहुलीचा काठ उठून येतो. समोरून आणला तर शुद्धीतला पेशंट त्या दिव्याकडेच बघायला लागतो, आणि जवळचं बघताना बाहुली तशीही आवळते. मग आपण तिला उजेडाला दिलेला प्रतिसाद म्हणून लिहून मोकळे. त्याआधी डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करून, टॉर्च न लावता दोन्ही बाहुल्या नुसत्या बघून घ्यायच्या. माप त्या वेळचं लिहायचं. पिवळसर एलईडीचा इथे खरंच फायदा होतो, तपकिरी बुबुळ त्यात उघडं दिसतं. उजेडासाठी पाचपैकी पाच.

आता ठिपक्यांबद्दल, कारण याच ठिपक्यांसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो.

विकत घेतल्यावर मुलीच्या कंपासपेटीतला डिव्हायडर आणि पट्टी घेऊन मी प्रत्येक ठिपका मोजला. तीन, चार, पाच बरोबर निघाले. दोनचा ठिपका अडीचच्या जवळ होता. एकचा ठिपका तर नाहीच, आणि आमच्याकडे तो हवा. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मॉर्फिन जास्त झालं की तसंच. मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये रक्तस्राव झाला तरी तसंच. विषबाधेच्या पेशंटला अ‍ॅट्रोपीन सुरू केल्यावर बाहुली कशी मोठी होत जाते हेही बघायचं असतं, आणि मोजणीची सुरुवातच दोनपासून असेल तर एकावरून दीडवर आलेलं लिहायचं कुठे? उलट धोतऱ्याचं बी खाल्लेल्या पोराच्या बाहुल्या सात-आठपर्यंत जातात, ते टोक इथे आहे.

दुसरी तक्रार मोठी आहे. ठिपके छापलेले आहेत, कोरलेले नाहीत. प्रत्येक पेशंटनंतर मी टॉर्च स्पिरिट स्वॅबने पुसते, पुसायलाच हवा. पाचव्या महिन्यात तीन आणि चारचे ठिपके फिके पडले, कारण अंगठा नेमका तिथेच येतो. रोज लागणारे तेच दोन. वरून पारदर्शक टेप लावून बघितली, तर इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरनी काढायला लावली. त्यांचं बरोबर होतं, टेपच्या कडेला मळ साचायला लागला होता. आता मी चार्टच्या खाली छापलेल्या गोलांशी ताडून बघते. तिथेही एक घात आहे, तोही सांगून ठेवते. चार्ट संपले की ऑफिसमधून झेरॉक्स मारून येतात, आणि झेरॉक्स पानात बसावी म्हणून थोडी लहान केलेली असते. त्यामुळे चार मिलिमीटरचा गोल साडेतीनचा होतो. नवीन गठ्ठा आला की पट्टी लावून एक गोल मोजा, दहा सेकंदांचं काम आहे. ठिपक्यांसाठी पाचपैकी दोन.

बॅटरीचं म्हणाल तर माझ्या वापरात सेलची जोडी सहा-सात आठवडे जाते. गडबड अशी की हा टॉर्च एकदम बंद पडत नाही, रोज थोडा मंद होत जातो आणि आपल्या डोळ्यांना त्याची सवय होते. मंद उजेडात चांगली बाहुलीही आळसावून आवळते आणि आपण 'स्लगिश', म्हणजे सुस्त, लिहितो. डॉक्टर धावत येतात, पेशंट सीटीला जातो, आणि दोष सेलचा असतो. याहूनही वाईट म्हणजे उलट, टॉर्चच मंद असेल असं समजून खरी सुस्त बाहुली सोडून देणं. म्हणून पगार झाला की त्या दिवशी सेल बदलायचे, संपले असोत वा नसोत. काढलेले घरच्या घड्याळाला चालतात.

आता त्या रात्रीबद्दल, जिच्यामुळे हा टॉर्च माझ्या मनात एवढा बसला. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पंचविशीतला मुलगा, मोटारसायकलवरून पडलेला, हेल्मेट नाही. सीटीत उजव्या बाजूला कवटीच्या आतून लहानशी रक्ताची गाठ, एक्स्ट्राड्युरल. सर्जन म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको, लक्ष ठेवा. मुलगा पूर्ण शुद्धीत होता, आईला 'घरी जा' म्हणत होता. रात्री अकराला मी लिहिलं : ई-४, व्ही-५, एम-६ (डोळे उघडणं, बोलणं, हालचाल, तिन्हीचे पूर्ण गुण), दोन्ही बाहुल्या ३, दोन्ही चटकन आवळतात, नाडी ८४. एक वाजता नाव, गाव, वार सगळं नीट सांगितलं. दीडला नाव सांगितलं, गाव विचारल्यावर 'झोपू द्या की' म्हणाला. दोनला हाक मारल्यावर डोळे उघडले, पण 'हे कुठलं ठिकाण' विचारल्यावर 'कारखाना' म्हणाला. ई-३, व्ही-४, एम-६. बाहुल्या तेव्हाही ३ आणि ३, दोन्ही चांगल्या.

आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, फोन मी तेव्हाच केला, बाहुल्या ठीक असताना. हे मुद्दाम सांगतेय, कारण टॉर्चचं कौतुक करताना हे राहून जायला नको. शुद्ध आधी ढळते, बाहुली नंतर. गाठ वाढून मेंदू खाली रेटला जातो आणि मेंदूतून डोळ्याकडे जाणारी तिसरी नस दाबली जाते तेव्हा त्या बाजूची बाहुली मोठी होते. तोवर बरंच घडून गेलेलं असतं. बीपी वाढणं, नाडी मंदावणं, श्वासाची लय बिघडणं ही तर आणखी उशिराची खूण. जी सिस्टर पेशंटला उठवत नाही, 'झोपलाय बिचारा' म्हणून नुसत्या पापण्या उचलून टॉर्च मारते, तिच्या हातात ४,००० रुपयांचा टॉर्च असला तरी तिला पहिला तासभर काहीच कळणार नाही.

दोन वीसला सीटीची तयारी करताना उजवी ४ झाली आणि सुस्त, नाडी ६२. एका मिलिमीटरचा फरक. मुळात कित्येक निरोगी माणसांच्या बाहुल्यांतही एक मिलिमीटरपर्यंत फरक असतो, त्यामुळे हे पहिल्यांदाच बघणाऱ्याला तो नेहमीचाच वाटला असता. पण अकरापासूनचे सगळे आकडे एकाच टॉर्चने, एकाच हाताने, ट्यूबलाइट बंद करून घेतलेले होते. सर्जननी फोनवर विचारलं, 'आधी किती होती?' मी म्हटलं, 'तीन, सर, सगळ्या वेळी तीन.' त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, ओटी (ऑपरेशन थिएटर) तयार ठेवायला सांगितली. सीटीत गाठ दुपटीहून मोठी दिसली. मुलगा नवव्या दिवशी चालत घरी गेला.

हेच 'पीईआरएल' (बाहुल्या समान, उजेडाला प्रतिसाद आहे) असं चार अक्षरांत लिहून ठेवलं असतं तर त्या एका मिलिमीटरला कोण विचारणार होतं? फार पूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी, मी एका आजोबांचा चार्ट हातात घेतला. तीन दिवस, प्रत्येक ड्यूटीला, प्रत्येक तासाला, 'बाहुल्या समान, प्रतिसाद आहे'. मी टॉर्च टाकला तर डावी बाहुली वाकडीतिकडी आणि हलेचना. छातीत धस्स झालं. त्यांच्या मुलाला विचारलं तेव्हा कळलं की मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ती तशीच आहे. आजोबांना त्यातून काही झालं नाही. पण त्या तीन दिवसांत कोणीच डोळा उघडून बघितला नव्हता, हे त्या पानावर लिहिल्यासारखं दिसत होतं. तेव्हापासून मी भरतीच्या वेळीच नातेवाइकांना विचारते : डोळ्याचं ऑपरेशन झालंय का, कुठले थेंब चालू आहेत का, जन्मापासून काही फरक आहे का.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. या टॉर्चचा दुसरा उपयोग म्हणजे बोटावर दाब देणं. हाकेला डोळे उघडले नाहीत तर नखाच्या कडेला टॉर्चची दांडी ठेवून दाब हळूहळू वाढवायचा, दहा सेकंदांपर्यंत. धातूची गोल बॉडी त्याला चांगली आहे, कड टोचत नाही. हातापायांचा प्रतिसाद बघायला मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत धरते. छातीच्या हाडावर मूठ घासायची जुनी सवय मी सोडली, दोन दिवसांत पेशंटच्या छातीवर काळेनिळे डाग दिसतात आणि नातेवाईक विचारतात, तेव्हा उत्तर देताना आपलीच मान खाली जाते.

हे ई, व्ही, एमचे गुण म्हणजे ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस), ते १९७४ मध्ये ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी मांडलं, आणि टीसडेल यांच्याच पुढच्या सुधारणांत 'वेदना'ऐवजी 'दाब' हा शब्द आला. मला तो बदल मनापासून पटतो. आपण दुखवायला गेलेलो नसतो. २०१८ मध्ये त्या आकड्याला बाहुल्यांचीही जोड मिळाली : जेवढ्या बाहुल्या उजेडाला हलत नाहीत, तेवढे गुण एकूण आकड्यातून वजा. म्हणजे स्केलची खालची पायरी तीनऐवजी एक झाली. टॉर्चने बघितलेलं आता बेरजेत येतं, तर टॉर्च धड असायला नको का? ऑटोमॅटिक प्युपिलोमीटर नावाचं यंत्रही आता आहे, डोळ्यावर धरलं की माप आणि वेग स्वतःच देतं. आमच्याकडे ते नाही, जिल्ह्यातल्या बहुतेक सिस्टरच्या हातात तरी पेनटॉर्चच राहणार आहे.

टॉर्च जे दाखवत नाही ते बोलून काढावं लागतं, आणि सोलापुरात बोलायचं म्हणजे चार भाषा. पूर्व भागातल्या एका पद्मशाली आजींना दिवसभर व्ही-३ दिले होते, 'असंबद्ध शब्द बोलतात' म्हणून. संध्याकाळच्या सिस्टरचं घर तेलुगू. तिने वाकून विचारलं, 'मी पेरु एमिटि?' आजींनी नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गल्ली सांगितली आणि चहा मागितला. पूर्ण पाच. अक्कलकोटकडच्या पेशंटला मी स्वतः मोडक्या कन्नडमध्ये विचारते. आणि महिना विचारला तर खेड्यातला माणूस ऑगस्ट म्हणणार नाही, श्रावण म्हणेल. आषाढीच्या गर्दीत चक्कर येऊन पडलेल्या एका वारकरी बाबांना तारीख विचारली, तर म्हणाले, 'दशमी, माउली. उद्या एकादशी, मला सोडा.' यापेक्षा ठिकाणावर असलेलं डोकं कोणतं?

हात बघताना मी म्हणते, 'प्रसाद घ्यायला धरता तसे दोन्ही हात पुढे धरा, डोळे मिटा.' मुसलमान पेशंटला म्हणते, 'दुआ मागता तसे.' दोघेही तळवे बरोबर वर करतात, कोपर सरळ करायला तेवढं सांगावं लागतं. मग मनात दहापर्यंत मोजायचं. अशक्त बाजूचा तळवा आत वळतो आणि हात हळूहळू खाली येतो. 'बोटं दाबा' म्हणाल तर पाठोपाठ 'सोडा' म्हणायला विसरू नका, कारण नुसती पकड बेशुद्धीतल्या माणसाचीही असते. तोंड वाकडं आहे का बघायला 'हसा' म्हणू नये. आयसीयूत कोणाला हसू येतं? 'दात दाखवा' म्हणावं. आणि लकवा म्हणून धावाधाव करण्याआधी बोटाला टोचून एचजीटी, म्हणजे रक्तातली साखर, बघावी, साखर खाली गेलेला माणूस हुबेहूब लकव्यासारखा दिसतो. फक्त त्यापायी वेळ घालवू नये, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते.

ड्यूटी बदलताना ओव्हर देतो, तेव्हा आम्ही आता एक पद्धत पाडली आहे. जाणारी आणि येणारी, दोघी पेशंटपाशी उभ्या राहून एकाच टॉर्चने एकदा बघतात आणि दोघींचा आकडा एकच येतो का ते ताडतात. ई, व्ही, एम वेगवेगळे लिहायचे, ट्यूब असेल तर व्ही-च्या जागी तसं लिहायचं. नुसतं 'जीसीएस दहा' म्हटलेलं मी ऐकूनच घेत नाही, दहा किती तऱ्हांनी होतात!

बाकी बारीकसारीक. क्लिप नवव्या महिन्यात सैल झाली, टॉर्च दोनदा खाली पडला, काच शाबूत. शेपटाचं बटण दाबून ठेवायचं आहे, सोडलं की बंद, त्यामुळे खिशात चालू राहून सेल संपत नाहीत. हे फार चांगलं. क्लिप दाबल्यावर लागणारे टॉर्च घेऊ नका, वाकलं की आपोआप लागतात. एकंदर मी पाचपैकी साडेतीन देईन आणि हाच पुन्हा घेईन. ठिपके कोरलेला मिळाला तर मात्र १०० रुपये जास्त देऊन तो घेईन.

दुकानात गेलात तर एवढं करा. पांढऱ्या कागदावर एका वितीवरून उजेड पाडून बघा, मधे डाग किंवा काळं कडं दिसलं तर ठेवून द्या. जवळ लहान पट्टी ठेवा, दोन, तीन आणि चारचे ठिपके मोजा. नखाने ठिपका खरवडून बघा. दुकानदार पाकीट उघडू देत नसेल तर शेजारचं दुकान बघा.